गाण्यांच्या फाइलींचे टॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांच्या दीडेकशे कॅसेट मी दोन पावसाळे खपून कॉम्प्युटरवर घेतल्या आणि तेव्हापासून नात्यागोत्यात गाण्यांचं काहीही बिघडलं की फोन मलाच येतो. गाडीत नुसतं ट्रॅक ०१ दिसतं, मोबाइलमध्ये मराठीचे चौकोन झालेत, एकाच अल्बमचे बारा तुकडे पडलेत, प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवणार.

फाइलचं नाव बदललं तरी प्लेअरमध्ये जुनंच नाव का दिसतं?

कारण प्लेअर फाइलचं नाव वाचतच नाही, तो टॅग वाचतो. आपल्या स्वयंपाकघरातले डबे आठवा, बाहेर साखर लिहिलेलं असतं आणि आत रवा निघतो. फाइलचं नाव म्हणजे डब्यावरचं लेबल आणि टॅग म्हणजे डब्याच्या आत ठेवलेली चिठ्ठी. प्लेअर झाकण उघडून चिठ्ठी वाचतो, चिठ्ठीच नसली तरच नाइलाजाने लेबल बघतो. चिठ्ठीवर गाण्याचं नाव, गायक, अल्बम, ट्रॅक नंबर, वर्ष, संगीतकार, चित्र असं काय काय असतं आणि ते सगळं गाण्याच्या फाइलमध्येच असतं, वेगळी फाइल नसते.

ही चिठ्ठी फाइलमध्ये नक्की कुठे असते?

एमपी३ आलं तेव्हा त्यात नावाला जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या माणसाने फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइट्स चिकटवायची युक्ती काढली, तिला आयडी३ म्हणतात. त्यात नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला फक्त एक बाइट. ट्रॅक नंबर विसरलेच होते, तो नंतर शेऱ्यातले दोन बाइट कापून बसवला. आता तीस अक्षरात आपली गाणी मावणार कशी, नाट्यगीताची पहिली ओळच चाळीस अक्षरांची असते, म्हणून जुन्या फाइलींमध्ये नावं मधेच तुटलेली दिसतात.

१९९८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, ती फाइलच्या सुरुवातीला बसते आणि तिच्यात लांबीची अडचण नाही. हल्ली जे वापरतात ते हेच, २.३ नाहीतर २.४. फ्लॅक आणि ऑग (हेही एमपी३सारखे गाण्याच्या फाइलींचे प्रकार) यांची पद्धत वेगळी आहे, तिथे मराठीचा त्रास जवळजवळ नसतो. ॲपलच्या एमफोरए फाइलींची आणखी वेगळी. वेव्ह फाइलींबद्दल खाली बोलते, ते प्रकरणच वेगळं आहे.

मग २.३ ठेवू की २.४?

२.३. कागदावर २.४ नवं आणि चांगलं आहे पण ते २००० सालचं असूनही विंडोज ८ पर्यंतच्या विंडोजला ते वाचता येत नव्हतं आणि गाड्यांमधले म्युझिक सिस्टिम तर अजून कुठल्या जमान्यात आहेत देव जाणे. २.३ सगळीकडे चालतं. फक्त त्यात मराठी लिहायचं तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-१६ हवं, यूटीएफ-८ ची सोय २.४ मध्ये आली. एमपी३टॅग या टॅग भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आधीपासूनच बरोबर लावलेलं असतं. पिकार्ड हे दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते आपणहून २.४ लिहितं, सेटिंगमध्ये जाऊन २.३ करून घ्या.

प्लेअरमध्ये नाव नीट केलं, पण तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकली तर पुन्हा जुनं नाव. असं का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि लोक हाच सगळ्यात शेवटी विचारतात, तीन रविवार घालवून झाल्यावर.

प्लेअर दोन ठिकाणी माहिती ठेवतो. एक फाइलमधली चिठ्ठी आणि दुसरी त्याची स्वतःची वही, म्हणजे लायब्ररी किंवा डेटाबेस. तुम्ही स्क्रीनवर नाव बदलता तेव्हा ते चिठ्ठीत गेलं की नुसतं वहीत, हे स्क्रीनवरून कळत नाही, दोन्हीकडे सारखंच दिसतं. वहीतलं नाव त्या कॉम्प्युटरपुरतं. फाइल दुसरीकडे गेली, प्लेअर बदलला, विंडोज नवीन टाकलं की मेहनत पाण्यात.

उदाहरण वेव्ह फाइलींचं. आयट्यून्समध्ये वेव्ह फाइलीचं नाव, गायक, सगळं भरता येतं आणि छान दिसतं, पण ते फाइलमध्ये जात नाही, आयट्यून्सच्या वहीतच राहतं. वेव्हमध्ये टॅग ठेवायच्या पद्धती आहेत पण प्रत्येक प्रोग्रॅम त्या पाळेलच असं नाही. कॅसेट वेव्हमध्ये घेतल्या असतील तर आधी फ्लॅक करा, आवाज जसाच्या तसा राहतो, जागाही कमी लागते आणि मग टॅग भरा. मी हे चाळीस कॅसेट झाल्यावर शिकले.

तपासायची सोपी पद्धत: नाव बदला, फाइल डेस्कटॉपवर कॉपी करा, दुसऱ्याच कुठल्यातरी प्लेअरमध्ये उघडा. तिथे नवं नाव दिसलं तर चिठ्ठीत गेलं. पहिल्या फाइलला हे करा, मग बाकीच्या हजारांना हात लावा.

चांदण्या दिल्या होत्या, त्या पण गेल्या.

चांदण्या म्हणजे रेटिंग बहुतेक वेळा वहीतच असतं. आयट्यून्स ते फाइलमध्ये लिहीत नाही. विंडोज मीडिया प्लेअर लिहितो. म्युझिकबी नावाच्या प्लेअरमध्ये तसं सेटिंग आहे. प्लेलिस्ट तर कधीच टॅगमध्ये नसतात, त्या वेगळ्या एक्सपोर्ट करायच्या.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

नुसती चार-पाच गाणी असतील तर काही घेऊ नका. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे नावावर क्लिक केलं की लिहिता येतं. व्हीएलसी असेल तर गाणं लावून कंट्रोल आय दाबा, खिडकी उघडते, भरा आणि खाली 'सेव्ह मेटाडेटा' दाबायला विसरू नका, लोक नुसतं क्लोज करतात आणि मला फोन करतात. पण व्हीएलसीत एका वेळी एकच गाणं.

गाणी शेकड्याने असतील तर विंडोजवर एमपी३टॅग. फुकट आहे (मॅकसाठी विकत घ्यावं लागतं), दिसायला एक्सेलसारखं आहे आणि त्याला प्लेअर व्हायची हौस नाही, ते फक्त चिठ्ठ्या लिहितं. त्याची स्वतःची वही नाही त्यामुळे वरचा घोळच होत नाही. लिनक्सवाल्यांनी किड३ घ्यावं. ऐकणं आणि टॅग भरणं एकाच ठिकाणी पाहिजे तर म्युझिकबी चांगलं आहे, फूबार२००० पण चांगलं आहे (गाण्यावर अल्ट एंटर), फक्त फूबार पहिल्यांदा उघडलं की हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडलंय असं वाटतं, घाबरू नका.

सगळ्या फाइलींना एकदम अल्बमचं नाव कसं द्यायचं?

सगळ्या सिलेक्ट करा, अल्बमच्या रकान्यात लिहा, सेव्ह करा. झालं. पण आता नीट ऐका.

एमपी३टॅगमध्ये बऱ्याच फाइली निवडल्या की ज्या रकान्यात प्रत्येकाचं वेगळं आहे तिथे कोनी कंसात 'कीप' असं दिसतं. म्हणजे जे आहे ते ठेव. त्या रकान्याला हात लावायचा नाही. मी एकदा रात्री साडेबाराला सातशेच्या वर फाइली निवडल्या होत्या, अल्बमचं नाव द्यायचं होतं, कर्सर होता टायटलमध्ये, टाइप केलं, कंट्रोल एस. सातशे गाण्यांचं नाव 'भावगीतं भाग २'. कंट्रोल झेडने परत आणता आलं असतं, पण प्रोग्रॅम बंद केल्यावर सकाळी कळलं आणि तोपर्यंत अनडू गेलेलं होतं. फाइलींची नावं शाबूत होती म्हणून वाचले, फाइलनेमवरून टॅग भरायची सोय असते तिने परत भरलं.

तेव्हापासून नियम: मोठं काम करायच्या आधी फोल्डरची कॉपी. आणि जेवण झाल्यावर टॅगिंग नाही.

फाइलनेमवरून टॅग भरायची सोय कशी वापरायची?

समजा फाइलींची नावं आधी नंबर, मग डॅश, मग गाण्याचं नाव अशी आहेत. एमपी३टॅगमध्ये सगळ्या निवडून अल्ट २ दाबा. तिथे नमुना द्यायचा असतो, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ट्रॅक हा शब्द, मग डॅश, मग टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये टायटल, हे शब्द मात्र इंग्रजीतच. खाली तो लगेच दाखवतो की काय भरलं जाईल. उलटं म्हणजे टॅगवरून फाइलनेम करायचं असेल तर अल्ट १.

अल्ट ४ माझ्या सगळ्यात आवडीचं. नोटपॅडमध्ये गाण्यांची यादी एका ओळीत एक अशी लिहायची, फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करायची आणि ती यादी क्रमाने फाइलींना लावायची. गीतरामायणाची ५६ गाणी मी अशी भरली. यादी आईने वहीत लिहून दिली होती, मी टाइप केली, पंधरा मिनिटांत काम झालं, नाहीतर ५६ वेळा क्लिक करत बसले असते.

मराठी नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं किंवा भलतंच काहीतरी दिसतं.

तीन वेगळे आजार आहेत, औषधं पण वेगळी.

चौकोन दिसत असतील तर टॅग चांगला आहे, दाखवणाऱ्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही. गाडीत हेच होतं. फाइल मोबाइलमध्ये टाकून बघा, तिथे नीट दिसलं तर टॅगला हात लावू नका, गाडीसाठी वेगळा पेनड्राइव्ह रोमन नावांचा करा.

प्रश्नचिन्हं दिसत असतील, दुसऱ्या यंत्रावरही दिसत असतील, तर वाईट बातमी. कुठल्यातरी जुन्या प्रोग्रॅमने मराठी अक्षरं त्याला समजली नाहीत म्हणून खरोखरच प्रश्नचिन्हं लिहून ठेवलीत. मूळ नाव फाइलमध्ये उरलेलंच नाही. परत टाइप करा, दुसरा इलाज नाही.

तिसरा प्रकार मजेशीर. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग एखादं चिन्ह, पुन्हा तोच ए, मधूनच जपानी येनचं चिन्ह, अशी माळच्या माळ. ही अक्षरं बघितली की समजायचं की आत शुद्ध मराठी आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचलंय. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं होतं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी तोच असतो, जुन्या पाश्चात्त्य कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यात, त्या बाइटचं अक्षर म्हणजेच तो रेघवाला ए. म्हणून तो दर तिसऱ्या जागी येतो. माहिती शाबूत असते, परत आणता येते. एमपी३टॅगच्या ॲक्शन्समध्ये 'कन्व्हर्ट कोडपेज' म्हणून आहे, आधी एका फाइलवर करून बघा, जमलं तर सगळ्यांवर करा. दहा-बाराच गाणी असतील तर टाइप करून मोकळे व्हा.

चौथा पण एक आहे, फार जुना: कुणीतरी डीटीपीच्या फॉन्टमध्ये, युनिकोडच्या आधीच्या, टाइप करून टॅगमध्ये चिकटवलंय. तिथे निव्वळ इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. टॅगमध्ये फॉन्ट ठेवताच येत नाही त्यामुळे ते कधीच नीट दिसणार नाही.

पण एमपी३टॅगमध्ये नीट दिसतं आणि दुसऱ्या प्लेअरमध्ये काला दिसतो, असं कसं?

एकाच फाइलमध्ये दोन-तीन चिठ्ठ्या असू शकतात. शेवटची जुनी १२८ बाइटवाली, सुरुवातीची नवीन आणि कधी कधी एपीई नावाची तिसरी. तुम्ही एक नीट केलीत, तो प्लेअर दुसरी वाचतोय. युक्ती अशी: फाइल निवडा, कंट्रोल एक्स, सगळे टॅग निघून क्लिपबोर्डवर जातात, लगेच कंट्रोल व्ही, एकच स्वच्छ टॅग परत बसतो. मधे चहाला उठायचं नाही.

नावं मराठीत लिहू की रोमनमध्ये?

मी टॅग देवनागरीत आणि फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवते. रोमनमध्ये टॅग ठेवला की एकाच नावाची चार स्पेलिंग होतात, एकात शेवटी ए, एकात नाही, 'व' ला कुणी व्ही लिहितं कुणी डब्ल्यू, 'ळ' चं तर हसंच होतं. फाइलचं नाव रोमन अशासाठी की गाडीत, जुन्या स्पीकरमध्ये, टीव्हीत निदान काहीतरी वाचता येतं.

देवनागरीतही घोळ नाहीत असं नाही. 'ॲ' घ्या. तो एक अखंड अक्षर म्हणूनही टाइप होतो, किंवा अ आणि त्यावर चंद्र असा दोन तुकड्यांतही, आणि काही कीबोर्ड तर मधे एक न दिसणारं चिन्हही घालतात. डोळ्याला तिन्ही सारखे, प्लेअरला तीन वेगळे शब्द. तसंच 'वाऱ्यावर' मधला अर्धा र दोन पद्धतीने लिहिला जातो. मोबाइलवर एक नाव टाइप केलं आणि कॉम्प्युटरवर तेच टाइप केलं तर एका अल्बमचे दोन होतात आणि तुम्ही तासभर बघत बसता की फरक काय आहे, कारण फरक दिसतच नाही. उपाय एकच, नाव एकदा टाइप करायचं आणि पुढे सगळीकडे कॉपी-पेस्ट.

गायकाच्या नावाआधी पंडित, उस्ताद लिहायचं का?

भीमसेन जोशींची गाणी माझ्या लायब्ररीत चार ठिकाणी विखुरली होती. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि रोमनमधले. प्लेअरला ही चार माणसं. शिवाय सगळे पंडित 'प' खाली आणि सगळे उस्ताद 'उ' खाली गोळा होतात आणि यादी बघितली की सत्काराची पत्रिका वाटते. मी टॅगमधून उपाध्या काढून टाकल्या. बाबांना आवडलं नाही. त्यांच्यासाठी सॉर्टचा रकाना आहे, म्हणजे दिसताना 'पं. भीमसेन जोशी' दिसतं पण क्रम 'भ' वर लागतो. आयट्यून्समध्ये गाण्यावर कंट्रोल आय करून सॉर्टिंगच्या पानावर हा रकाना मिळतो, म्युझिकबीतही आहे. दर गायकाला एकदा भरायचा, वेळ जातो.

आर्टिस्टमध्ये गायक लिहू की संगीतकार?

हा रकाना बनवणाऱ्याने बँड डोळ्यासमोर ठेवला होता, आपल्यासारखं गायक वेगळा, संगीतकार वेगळा, गीतकार तिसराच असं त्याच्या डोक्यात नसावं. पण रकाने आहेत. आर्टिस्टमध्ये गायक. कंपोझरमध्ये संगीतकार. आणि गीतकाराला लिरिसिस्ट म्हणून वेगळा रकाना आहे, पुष्कळ प्लेअर तो दाखवत नाहीत पण चिठ्ठीत तो राहतो. गीतरामायणाचंच घ्या, गदिमा लिरिसिस्टमध्ये, सुधीर फडके कंपोझरमध्ये आणि त्यांच्याच आवाजातला संच असेल तर आर्टिस्टमध्येही सुधीर फडके. आकाशवाणीवर मात्र ही गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती, तशी एखादी फाइल असेल तर आर्टिस्ट बदलतो, बाकी दोन तेच.

गीतकाराचा रकाना रिकामा सोडू नका ही माझी विनंती. कॅसेटच्या कार्डावर ते नाव सगळ्यात बारीक अक्षरात असायचं, भिंग घेऊन वाचावं लागलं आहे मला, आणि कार्ड फाटलं की ते नाव घरातून गेलंच.

द्वंद्वगीत असेल तर दोन्ही नावं मधे अर्धविराम देऊन. तिरकी रेघ नको, २.३ मध्ये तिरकी रेघ हीच दोन कलाकार वेगळे करायची खूण आहे, एसी/डीसी हा बँड त्यापायी कित्येक प्लेअरमध्ये दोन कलाकार म्हणून दिसायचा.

एकाच अल्बमचे बारा अल्बम दिसतात.

बारा गाण्यांना बारा गायक आहेत ना? प्लेअरला वाटतं योगायोगाने एकाच नावाचे बारा अल्बम आहेत. अल्बम आर्टिस्ट नावाचा वेगळा रकाना असतो, त्यात सगळ्या गाण्यांना एकच नाव द्या, 'विविध गायक' द्या किंवा सिनेमा असेल तर संगीतकाराचं द्या. आयट्यून्समध्ये कंपायलेशनची खूण करायची सोय पण आहे. तरी तुकडे राहिले तर अल्बमच्या नावाच्या शेवटी कुठेतरी जास्तीची स्पेस असणार. नेहमी असते.

मैफलीचं रेकॉर्डिंग आहे, पंचेचाळीस मिनिटांचा एकच राग. टायटल काय देऊ?

मी आधी राग, मग ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द देते. 'यमन – विलंबित एकताल' असं. राग आधी अशासाठी की यादी लावली की सगळे यमन एकत्र येतात. साथीदार, तबल्यावर कोण पेटीवर कोण, शेऱ्यात. तारीख आणि गाव कळत असेल तर अल्बमच्या नावातच घाला, म्हणजे त्या मैफलीचे सगळे तुकडे एकत्र राहतात.

अभंगांच्या पुढे 'ब्लूज' का लिहून येतं?

कारण जुन्या आयडी३ मध्ये संगीतप्रकार एका आकड्याने लिहायचे, ८० प्रकारांची ठरलेली यादी होती, शून्यापासून सुरू, आणि शून्य नंबरला ब्लूज. ज्या प्रोग्रॅमने रिकाम्या जागी नुसतं शून्य टाकलं त्याने तुकोबांना ब्लूजमध्ये बसवलं. त्या यादीत भावगीत नाही, नाट्यसंगीत नाही, लावणी नाही. पोल्का मात्र आहे. नव्या टॅगमध्ये पाहिजे ते लिहिता येतं, बिनधास्त 'लावणी' लिहा. फक्त प्रकार कमी ठेवा, माझ्याकडे एकदा 'भक्तिगीत', 'भक्तीगीत', 'भक्ती गीत' आणि 'भक्ति' असे चार झाले होते.

वर्ष कुठलं लिहायचं, गाण्याचं की कॅसेटचं?

गाण्याचं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गाण्यांपुढे कॅसेट नव्वदीतली म्हणून १९९३ लिहिलं तर कसं दिसेल. माहीत नसेल तर रिकामं सोडा, अंदाज नको.

कॅसेटची ए आणि बी बाजू कशी दाखवायची?

डिस्क नंबरचा रकाना वापरा. ए बाजू डिस्क १, बी बाजू डिस्क २, आणि प्रत्येकीवर ट्रॅक पुन्हा १ पासून. क्रम अगदी कॅसेटसारखा लागतो.

अल्बमचं चित्र कसं टाकू, केवढं टाकू?

जेपीजी, चौकोनी, ५०० बाय ५०० किंवा ६०० बाय ६०० पुरे. मोबाइलने काढलेला फोटो तसाच टाकू नका. चित्र प्रत्येक गाण्याच्या फाइलमध्ये वेगळं जातं, दोन एमबीचं चित्र दीड हजार गाण्यांत घातलं तर तीन जीबी नुसत्या चित्रांचे, आणि गाडीतला सिस्टिम ते उघडता उघडता धापा टाकतो. कॅसेटचं कार्ड उभं असतं, चौकोनी नाही, मी वरचा गायकाच्या फोटोचा भाग कापून घेते आणि पूर्ण कार्डाचा फोटो फोल्डरमध्ये वेगळा ठेवते.

सीडी टाकली तर नावं आपोआप आली, पण भलत्याच भाषेतली.

ऑडिओ सीडीवर बहुतेक वेळा नावं नसतातच. प्लेअर ट्रॅकच्या लांबीवरून सीडीचा एक नंबर बनवतो आणि इंटरनेटवरच्या यादीत शोधतो. क्वचित दोन सीडींचा नंबर सारखा येतो, मग मराठी भजनांना पोर्तुगीज नावं लागतात. आणि नंबर बरोबर असला तरी ती यादी लोकांनीच भरलेली, ज्याने भरलं त्याचं स्पेलिंग.

मग ऑटोमॅटिक टॅगिंग करूच नको का?

पिकार्ड आहे, ते गाणं 'ऐकून' ओळखतं, म्हणजे आवाजाचा ठसा घेऊन म्युझिकब्रेन्झच्या यादीशी जुळवतं, फुकट आहे. हिंदी सिनेमा, इंग्रजी, यासाठी छान चालतं. मराठी जुन्या गोष्टींसाठी हात आखडता. एका प्लेअरने माझ्या हाताने भरलेल्या देवनागरी नावांवर रात्रीत इंटरनेटवरची रोमन नावं लिहून टाकली होती, मी सांगितलं नव्हतं, सेटिंग चालू होतं. तुमच्या प्लेअरमध्ये 'इंटरनेटवरून माहिती आणा' असं काही असेल तर बंद करा, निदान 'फक्त रिकामे रकाने भरा' वर ठेवा.

सेव्ह करताना एरर येते.

गाणं चालू आहे, थांबवा. नाहीतर फाइल रीड ओन्ली आहे, सीडीवरून कॉपी केलेल्या जुन्या फाइलींचं असं असतं, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टिक काढा. मोबाइलमध्ये मेमरी कार्डवरच्या फाइली असतील तर ॲपला परवानगी द्यावी लागते, त्यापेक्षा कॉम्प्युटरवर करा आणि मग मोबाइलमध्ये टाका.

टॅग बदलून आवाज खराब होतो का?

नाही. आवाजाच्या भागाला हात लागत नाही. फक्त सेव्ह चालू असताना पेनड्राइव्ह उपटू नका, कारण चिठ्ठी मोठी झाली की जागा करायला प्रोग्रॅम पूर्ण फाइल पुन्हा लिहितो आणि तेव्हा उपटलं तर फाइल गेली.

मोबाइलमध्ये अजून जुनंच नाव.

अँड्रॉइडची पण स्वतःची वही असते. मोबाइल बंद करून चालू करा. तरी नाही झालं तर फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, मग तो नवीन समजून परत वाचतो.

पैसे भरून स्ट्रीमिंग ॲपवर डाउनलोड केलेल्या गाण्यांचं?

त्या फाइली कुलूपबंद असतात. सोडून द्या.

प्रत्येक गाण्याच्या नावात कुठल्यातरी वेबसाइटचं नाव घुसलंय.

एमपी३टॅगच्या ॲक्शन्समध्ये 'रिप्लेस' आहे, ते नाव शोधायचं आणि जागी काहीच द्यायचं नाही. टायटल, आर्टिस्ट, अल्बम, कॉमेंट चारही रकान्यांवर चालवा. चित्रातही त्यांची जाहिरात असते, ते पण काढा.

गाडीत गाणी क्रमाने लागत नाहीत.

बरेच सिस्टिम टॅग बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइली पेनड्राइव्हवर कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. नावापुढे ०१, ०२ लावा, नुसतं १, २ नको नाहीतर एकनंतर दहा लागतं. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून क्रमानेच कॉपी करा.

गायक कोण तेच माहीत नसेल तर?

आर्टिस्टमध्ये 'अज्ञात' लिहा, सगळीकडे तेच, म्हणजे एका जागी सापडतील. आणि जे काही माहीत आहे ते शेऱ्यात लिहा, कुठल्या कॅसेटवर होतं, कोणाकडून आली, आई काय म्हणाली. आमच्याकडे अशी अकरा गाणी होती, त्यातल्या चारांचे गायक आत्याने फोनवर ऐकून ओळखले. एक कॅसेट कोरी म्हणून टाकायला निघालो होतो, तिच्यात बी बाजूला आजीच्या ओव्या निघाल्या, सात मिनिटं, कुणी आणि कधी रेकॉर्ड केल्या कुणालाच आठवत नाही. आर्टिस्ट: आजी. वर्ष रिकामं. शेऱ्यात लिहिलंय, 'तिसऱ्या मिनिटाला कुकरची शिट्टी, त्यानंतर आजी गॅस बंद करायला सांगते, पुसू नये'.